महापालिकेच्या संकेतस्थळावर तुमचा आधार क्रमांक उघडा पडला, तर जाब कसा विचारायचा

योजनेच्या लाभार्थ्यांची यादी पीडीएफमध्ये चढवली जाते आणि नावापुढे पूर्ण आधार क्रमांक, मोबाइल, बँक खाते तसेच राहते. नियमांतले अपवाद सोडले, तर आधार कायद्याच्या कलम २९(४) नुसार आधार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. तक्रार झाली की फाइल गुपचूप काढली जाते आणि विषय मिटला असे मानले जाते. पण तोवर ती कुणी कुणी उतरवून घेतली, हे फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, असते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनीही लॉग १८० दिवस जपायचे आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज, पहिले अपील, दुसरे अपील यांत तेवढे दिवस सहज निघून जातात. म्हणून आधी लॉग राखून ठेवायला सांगणारे पत्र द्यायचे, अर्ज नंतर.

पुरावा. वेबपत्त्याची पूर्ण ओळ आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, फाइल जतन करा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक ठसा) काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात तो लागतो. वेबपत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्या कुणाची फाइल उघडते का, हे मात्र तपासू नका. विनापरवानगी संगणकात शिरण्याबद्दलच्या, आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तक्रार तुमच्यावरच उलटू शकते. इतरांचे तपशील समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे त्यांचे नुकसान आपल्या हाताने वाढवणे.

पत्र. त्याच दिवशी आयुक्तांच्या नावे द्या, प्रत माहिती तंत्रज्ञान विभागाला. ठाण्यात पाचपाखाडीच्या मुख्यालयात, नवी मुंबईत बेलापूरच्या मुख्यालयात आवक क्रमांकाची पोच घ्या. प्रभाग समितीत किंवा विभाग कार्यालयात दिलेला कागद मुख्यालयात पोहोचेपर्यंत दिवस जातात. मागण्या तीन: फाइल संकेतस्थळावरून आणि गुगलच्या शोधातूनही काढा, ती चढवल्याच्या दिवसापासूनचे लॉग राखून ठेवा, सर्ट-इनला कधी कळवले ते सांगा. महापालिकेने घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचे असते. सर्ट-इनला स्वतःही ईमेल करा. खात्यातून पैसे गेले असतील तर सगळे बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

माहिती अधिकार. अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द चालतात, त्यामुळे संकेतस्थळ चालवणाऱ्या ठेकेदाराबद्दलचा अर्ज वेगळा करा. ‘असे का झाले’ विचारले की ‘ही माहिती अभिलेखात नाही’ एवढेच उत्तर येते. कागद मागा:

– संकेतस्थळाच्या शेवटच्या सुरक्षा ऑडिटची तारीख, ऑडिट करणाऱ्या संस्थेचे नाव आणि प्रमाणपत्राची प्रत
– या घटनेबाबत सर्ट-इनशी झालेला पत्रव्यवहार
– फाइल प्रसिद्ध करण्यास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व टिपणी
– माझ्या पत्रावरील कार्यवाहीची टिपणी

हा पत्रव्यवहार महापालिकेकडेच मागायचा, कारण नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इन माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर आहे. दुसऱ्या अर्जात ठेकेदाराचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि करारातली माहिती-सुरक्षेची व दंडाची कलमे मागा.

नकार बहुधा माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(क) दाखवून ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ येतो. तुम्ही मागितली आहे ती तारीख आणि प्रमाणपत्र, यंत्रणेतल्या त्रुटी नव्हे; खरोखर नाजूक असलेला भाग कलम १० नुसार झाकून बाकीचे देता येते, हे अपिलात स्पष्ट लिहा. दुसरी ढाल कलम ८(१)(ञ) ची, म्हणजे ‘वैयक्तिक माहिती’ची. नव्या डेटा संरक्षण कायद्याने केलेल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या बदलाने ती बरीच रुंद झाली आहे, आणि नागरिकांची माहिती जपण्यासाठी केलेला कायदा अधिकाऱ्यांना झाकायला वापरला जाणे हे गंभीर आहे. तरीही कलम ८(२) मधला जनहिताचा मुद्दा शाबूत आहे. तो अर्जातच मांडा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील. त्याचा निर्णय आल्यापासून किंवा निर्णयाची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत दुसरे अपील, ठाणे-नवी मुंबईसाठी राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरच्या कोकण भवनात. त्यात नुसती माहिती मागून थांबू नका. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती आणि कलम १९(८)(ख) खाली नुकसानभरपाई, दोन्ही स्पष्ट शब्दांत मागा.

ठेकेदार. माहिती जपण्यात हयगय झाल्यास भरपाई देणारे आयटी कायद्याचे कलम ४३-अ महापालिकेला लागू होत नाही, पण यंत्रणा चालवणाऱ्या खासगी कंपनीला होते. बँक तपशील किंवा वैद्यकीय माहिती फुटून नुकसान झाले असेल, तर ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, निवाडा अधिकारी म्हणून, करता येतो. कार्यादेशाची प्रत इथेच उपयोगी पडते. नव्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम वगळले जाणार आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेत त्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, आणि नवा कायदा दंड सरकारजमा करतो, बाधिताला भरपाई देत नाही. दावा करायचा असेल तर त्याआधी दाखल करा.