लांबलचक इंग्लिश शब्द फोडायचा कसा, आणि कुठून

'स्पेलिंग दहादा लिहून काढ' हा सल्ला देणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. नागपुरात ट्युशन घेतो, सेमी-इंग्लिशचे पोट्टे येतात, आणि सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते म्हणून हे लिहून राहिलो.

आधी उच्चाराचे तुकडे, म्हणजे सिलॅबल. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा, हनुवटी जितक्यांदा खाली जाईल तितके सिलॅबल. फक्त आपली सवय मधे घुसवू नका. 'फिल्म' एकच सिलॅबल आहे, आपण 'फिलम' करून दोन करतो. 'वॉक'ला ई-डी लागलं तरी 'वॉक्ट', एकच, ते 'वॉकेड' बंद करा. 'वाँटेड'मधे मात्र दोन, कारण आधी टी किंवा डी चा उच्चार असेल तरच ई-डी वेगळं ऐकू येतं.

मग अर्थाचे तुकडे. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजसारखा शब्द असेल तर काहीच त्रास नाही, इंटर + चेंज, बोलायलाही तिथंच तुटतो.

पण बाकी ठिकाणी दोन्ही फोडी एका जागी पडत नाहीत राजेहो, आणि मलाही जड गेलं ते हेच. महोत्सव बोलताना म-होत्-सव, संधी सोडवताना महा + उत्सव, हे आपण शाळेत करतो आणि इंग्लिशचा तास लागला की विसरतो! हेलिकॉप्टर बोलताना हे-लि-कॉप-टर, अर्थानं मात्र हेलिको + प्टर. ग्रीकमधे हेलिक्स म्हणजे मळसूत्रासारखं वळण आणि प्टेरॉन म्हणजे पंख, तोच पंख टेरोडॅक्टिलमधेही आहे, तिथं सुरुवातीचा पी मुका. (इंग्लिशवाल्यांनीही भलतीकडेच तोडून हेलिपॅड बनवला, तो चालूनही गेला.)

म्हणून माझा नियम: मागून फोडा. पुढून फोडाल तर फसाल. 'अनबिलिव्हेबल'मधून आधी 'एबल' काढा, 'बिलिव्ह'चा गळालेला ई परत लावा, कारण जोडताना तो खाल्ला जातो, आणि सगळ्यात शेवटी 'अन' काढा. दरवेळी बघा की उरलेल्याला अर्थ आहे का. 'अंकल'मधून यू-एन काढलं तर उरतं काय, कप्पाळ?

आणि उरलं ते शब्दासारखं दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. अमरावती रोडवर टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. पोट्टे सांगतात, इन म्हणजे नाही, म्हणजे पेटत नाही सर. अरे बाप्पा! तो इन्फ्लेम + एबल आहे, भडकन पेटणारा. इथला 'इन' नकाराचा नाहीच. मागून फोडला असता तर हे झालंच नसतं.

जोर कुठे द्यायचा ते बहुतेक वेळा शेपटीच सांगते. आय-सी, आय-टी-वाय, टी-आय-ओ-एन असेल तर त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर: इलेक्ट्रिकमधे 'लेक'वर, इलेक्ट्रिसिटीमधे 'ट्रि'वर.

सरावाला ४५ अक्षरांचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस घ्या, १९३५ मधे अमेरिकेतल्या एका कोडीवाल्यानं मुद्दाम लांब बनवलेला, बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. सुरुवात 'ओसिस'पासून.