७ ते ४ ठिपके: संगणकीय विचार वर्गात शिकवायला घेताना

'संगणकीय विचार' (म्हणजे प्रश्नाचे तुकडे पाडून कोणीही पाळू शकेल अशी क्रमवार रीत शोधणं) हे शब्द फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी ते १९८० साली वापरले, २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या लेखामुळे ते सगळीकडे पोहोचले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यांचा उल्लेख आहे. शिक्षकाला हे माहीत असावं. पाचवी-सहावीच्या मुलाला पहिल्या दिवशी व्याख्या दिली तर ते ती पाठ करेल आणि परीक्षेत लिहून मोकळं होईल. त्याच्या हाताला आधी काम द्यावं. कोणाच्या तरी सूचनेत खोट निघावी, ती नेमकी कुठे आहे ते त्याने शोधावं. नावं त्यानंतर सांगावीत.

पहिल्या तासिकेसाठी ठिपक्यांची रांगोळी घ्या. '१३ ते ७ ठिपके' म्हणजे काय हे वर्गातल्या निम्म्या मुलांना तरी घरून माहीत असतं. मधल्या ओळीत १३, तिच्या वर आणि खाली १२-१२, असं एकेक कमी करत दोन्ही टोकांना ७. पण सुरुवातीला '७ ते ४' पुरे. ओळी येतात ४, ५, ६, ७, ६, ५, ४ अशा, आणि ठिपके होतात ३७. १३ ते ७ ला १२७ लागतात, मांडण्यातच वेळ जातो.

चाळीस मुलं असतील तर चौघांचे दहा गट करा. प्रत्येक गटाला ठिपके म्हणून ५० चिंचोके, म्हणजे एकूण ५००. मोजून ३७ देऊ नका, ही चूक बहुतेक नवे शिक्षक करतात. बरोबर ३७ दिले की मुलं शिल्लक किंवा तूट बघून मांडणी जुळवून घेतात, आणि सूचनांच्या चिठ्ठीतली चूक झाकली जाते. फरशीवर चिंचोके घरंगळत असतील तर खाली पोतं अंथरा.

३५ मिनिटांची वाटणी अशी ठेवा. पाच मिनिटं फळ्यावर पूर्ण आकृती दाखवा आणि पुसून टाका. दहा मिनिटांत प्रत्येक गटाने अशी चिठ्ठी लिहायची, की जी वाचून रांगोळी कधीच न पाहिलेल्या माणसालाही ती मांडता येईल. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल, आणि दहा मिनिटांत दुसऱ्या गटाने मांडायचं. लिहिणाऱ्या गटाने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि हातवारेही करायचे नाहीत. उरलेली दहा मिनिटं चुका शोधायला. ही शेवटची दहा मिनिटं कापली गेली तर तास झालाच नाही असं समजा. वेळ कमी पडणार असं दिसलं तर मांडणी अर्धवट थांबवा, पण चुकांचा वेळ राखा.

बहुतेक गटांची चिठ्ठी साधारण अशी येते:

'एका ओळीत ७ चिंचोके मांडा. त्याच्या खाली एक कमी मांडा. ४ येईपर्यंत असंच करा. वरच्या बाजूलाही तसंच करा.'

वाचायला अगदी स्वच्छ वाटते, पण पहिलं वाक्य सोडलं तर प्रत्येक वाक्यात एकेक भोक आहे. 'खाली' म्हणजे बरोबर खाली की दोन चिंचोक्यांच्या मधल्या जागेत, हे लिहिलेलं नाही. कोणी डावीकडून सरळ खाली मांडत गेलं की षटकोनाऐवजी पायऱ्या तयार होतात. '४ येईपर्यंत' म्हणजे ४ ची ओळ मांडून थांबायचं की ४ आल्याबरोबर न मांडता थांबायचं? आणि 'तसंच' म्हणजे पुन्हा ७ पासून की ६ पासून?

आता मुलांना फक्त चिंचोके मोजायला सांगा, कारण आकडाच चूक कुठली ते सांगतो. ३७ आले तर संख्या बरोबर, पायऱ्या झाल्या नाहीत ना ते तेवढं डोळ्यांनी पाहा. २९ आले तर दोन्ही बाजूंना ४ ची ओळ राहिली, ३३ आले तर एकाच बाजूची राहिली. ४४ आले तर मधली ७ ची ओळ दोनदा मांडली गेली.

सगळ्यात जपायचं ते ३६ ला. एकच कमी दिसतो, आणि 'एखादा घरंगळला असेल' म्हणून शिक्षक पुढे जातो. खाली वाकून ओळी मोजा. पुष्कळदा तिथे दोन चुका एकत्र असतात: मध्ये ७-७ च्या दोन ओळी आणि टोकांना ४ च्या ओळी गायब. सात वाढले, आठ कमी झाले. १३ ते ७ मध्येही याच दोन चुका एकत्र आल्या तर १२७ ऐवजी १२६ येतात. असं दर वेळी का होतं, हा आठवीला द्यायला फार चांगला प्रश्न आहे. टोकाची ओळ 'म' धरली तर मधली २म − १. मधली दुबार मांडल्याने तेवढे वाढतात, टोकाच्या दोन ओळी गेल्याने २म कमी होतात. गोळाबेरीज जवळपास जुळली म्हणजे काम बरोबर झालं असं नाही, हे मुलं इथे स्वतःच्या हातांनी शिकतात.

या सगळ्यात तुम्ही गप्प राहणं सर्वांत अवघड. 'बाई, इथे चार मांडायचे का?' असं विचारलं की उत्तर एकच: 'चिठ्ठीत काय लिहिलंय?' तुम्ही 'हो' म्हणालात की चिठ्ठी दुरुस्त न होता मांडणी दुरुस्त होते. दुसरा धोका रांगोळी उत्तम येणाऱ्या मुलांचा. चिठ्ठी चुकीची असली तरी त्यांचे हात आपोआप बरोबर मांडतात. अशा मुलाला वाचक करा आणि मांडायला दुसऱ्याला बसवा.

दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठ्या परत द्या आणि दुरुस्त करून घ्या. चांगली दुरुस्ती अशी दिसते: 'खालची ओळ वरच्या दोन चिंचोक्यांच्या मधल्या जागेत मांडा. ४ ची ओळ मांडून झाली की थांबा. आता मधल्या ओळीकडे या. ती पुन्हा मांडू नका. तिच्या वर ६ पासून सुरुवात करा.' आता नावं सांगायला हरकत नाही. आकृतीचे मधली ओळ, वरचा भाग, खालचा भाग असे तुकडे पाडले, हे विघटन. 'दर वेळी एक कमी' हा आकृतिबंध ओळखला. चिंचोके की खडे, रंग कोणता, हे सोडून फक्त संख्या आणि जागा धरली, हे अमूर्तीकरण. आणि कोणीही पाळू शकेल अशी क्रमवार रीत लिहिली, तिलाच अल्गोरिदम म्हणतात.

वहीत तीन रकाने आखून घ्या: काय लिहिलं, काय घडलं, का घडलं. गुण द्यायचेच असतील तर तिसऱ्या रकान्याला द्या. चाचणीत नवी रीत लिहायला लावण्यापेक्षा चुकीची चिठ्ठी देऊन 'किती चिंचोके लागतील आणि चूक कुठे आहे' असं विचारणं जास्त खरं मोजतं. तयार प्रश्न हवे असतील तर २००४ साली लिथुआनियात सुरू झालेल्या 'बेब्रास' या संगणकीय विचाराच्या स्पर्धेचे पाहा. आपल्याकडे ती एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या 'सीएसपाठशाला' उपक्रमातून घेतली जाते.

'४ येईपर्यंत' मधल्या चुकीची दुसरी बाजू संख्या ओळखण्याच्या खेळात दिसते. १ ते १०० मधली मनातली संख्या हो-नाहीच्या सात प्रश्नांत सापडलीच पाहिजे, कारण प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या संख्या निम्म्या करता येतात, आणि १ सात वेळा दुप्पट केला की १२८ होतात. '५० पेक्षा मोठी आहे का?' याला 'नाही' उत्तर आलं की बरीच मुलं '१ ते ४९ उरले' असं लिहितात. म्हणून पहिली संख्या मुद्दाम ५० धरा. सगळे प्रश्न संपतात, संख्या सापडत नाही, आणि ५० कुठे हरवले ते मुलंच शोधतात.

असे सहा-सात तास झाल्यावरच संगणकाच्या खोलीत जा. स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिण्याचं सॉफ्टवेअर) इंटरनेटशिवायही चालतं, पण ते आधीच प्रत्येक यंत्रावर घालून ठेवा. एका यंत्रावर दोघं. ज्याच्या हातात माउस त्याने ठरवायचं नाही, शेजारच्याने सांगायचं, आणि दर सात मिनिटांनी जागा बदलायच्या.

तिथेही तीच रांगोळी घ्या. पेनच्या ठोकळ्यांमधला 'स्टॅम्प' प्रत्येक ठिपक्याला वापरा. दोन ठिपक्यांत ४० पावलांचं अंतर ठेवा. पुढची ओळ २० पावलं उजवीकडे आणि ३५ पावलं खाली सुरू करा. 'ओळ' नावाचं चल घेऊन त्यात ७ ठेवा, ओळ मांडली की त्यातून १ वजा करा. मुलं 'ओळ = ४ होईपर्यंत पुन्हा करा' असा ठोकळा लावतात आणि पडद्यावर ४ ची ओळ येत नाही. स्क्रॅच प्रत्येक फेरीच्या आधी अट तपासतं, आणि ओळ ४ झाल्याबरोबर थांबतं. 'सर, संगणक चुकला' असं ऐकू आलं की वहीतली पहिली चिठ्ठी उघडायला सांगा. '=' च्या जागी '<' आलं की ४ ची ओळही उमटते.