ग्रासकटरचा करंट गेला कुठे?

आंब्याच्या बागेत गवत कमरेएवढं झालं आणि नेमका ग्रासकटर रुसला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण मशीन साधं फुरफुरेनासुद्धा. मेकॅनिक फोनवरच म्हणाला, "कॉइल गेली, बदला." कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीला करंट देणारा भाग. तोही न बघताच!

प्लग काढला तर टोक पेट्रोलने ओलंचिंब. म्हणजे पेट्रोल वर येतंय, कार्बोरेटर उघडायची गरज नाही. प्लग पुसला, फट ०.६ मिमीच्या आसपास होती, ठीकच. पेट्रोलचा डबा अंगणातच राहू दिला, मशीन पडवीच्या सावलीत आणलं (उन्हात ठिणगी दिसतच नाही), प्लगला टोपी लावून त्याचं लोखंड सिलिंडरला टेकवलं आणि दोरी ओढली. काही नाही. नवा प्लग लावला, तरी तेच.

मग आठवलं, हे मशीन बंद होतं तेच मुळी कॉइलचा करंट अर्थ करून, म्हणजे प्लगऐवजी मशीनच्या धातूत सोडून. कॉइलवरून स्विचकडे जाणारी बारीक वायर काढली, पुन्हा ओढलं. टक्! निळीशार ठिणगी. कॉइल ठणठणीत होती.

वायर चाचपत गेलो. हँडलच्या क्लॅम्पखाली तिचं प्लॅस्टिक घासून तांब्याची तार उघडी पडली होती, थेट दांड्याला टेकलेली. म्हणजे स्विच कायमचाच 'बंद'वर. टेप गुंडाळली, वायर क्लॅम्पबाहेरून घेतली. प्लग काढूनच चारपाच वेळा दोरी ओढून आत साचलेलं पेट्रोल उडवलं. प्लग बसवल्यावर तिसऱ्या ओढीला धूर सोडत सुरू. खर्च दहा रुपयांची टेप, आणि उगाच घेतलेला प्लग.