मध्ययुगीन इंग्लंडवरचं लोकप्रिय पुस्तक कसं तपासावं

पुस्तक शेवटून उघडा. टिपा नसतील तर त्यातला एकही थरारक प्रसंग पडताळता येणार नाही. असतील तर सगळ्यांत खळबळजनक विधान निवडा आणि तीन गोष्टी शोधा: मुळात कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि तेव्हा गादीवर कोण होतं.

पुस्तकं घसरतात ती बहुतेक या तिसऱ्या प्रश्नावर. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या हयातीत त्याच काळातला इतिहासलेखक जॉन राउस याने त्याचे गोडवे गायले. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, सातवा हेन्री राजा झाला आणि त्याच राउसने लिहिलं, की रिचर्ड दोन वर्षं आईच्या पोटात होता आणि जन्मला तो दात आणि खांद्यापर्यंत केस घेऊन! रिचर्डचा एक हात वाळलेला होता, असं रिचर्डचा इतिहास लिहिणारा टॉमस मोर सांगतो. लढाईच्या वेळी मोर सातेक वर्षांचा होता आणि पुढे काही काळ रिचर्डचा विरोधक मॉर्टन याच्या घरी वाढला. 2012 मध्ये लेस्टरला रिचर्डचा सांगाडा मिळाला. हात धड होते, कणा मात्र खरंच वाकडा. म्हणून उत्तरकालीन साधन सरसकट फेकू नका. बखर वाचताना करतो तसं एकेक विधान वेगळं पारखा.

आकड्यांत गुणक शोधा. 1086 च्या डूम्सडे नोंदींत (राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत) सुमारे 2,69,000 माणसं आहेत, ती बहुतांशी कुटुंबप्रमुख. घरटी 4 धरली तर लोकसंख्या पावणेअकरा लाख, 5 धरली तर साडेतेरा लाखांच्या आसपास. शिवाय लंडन आणि विंचेस्टर त्यात नाहीतच. गुणक न सांगता एकच ठाम आकडा छापणं ही वाचकाची फसवणूक आहे.

पैशांचं ‘आजच्या किमतीत’ रूपांतर दिसलं तर ते सोडून द्या आणि रक्कम किती दिवसांच्या मजुरीइतकी होती ते पाहा. तेव्हा 1 पौंड म्हणजे 20 शिलिंग, म्हणजे 240 पेन्स. 1351 च्या मजुरी कायद्याने मुख्य सुताराला दिवसाला 3 पेन्स ठरवले होते, म्हणजे पौंडाला 80 दिवसांची मजुरी. ही कायद्याची कमाल मर्यादा होती. प्रत्यक्षात मजूर जास्त मागत होते, म्हणून तर कायदा करावा लागला.

शेवटी संदर्भसूचीत मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जमीनदाराच्या स्थानिक न्यायालयाच्या, नोंदी आहेत का पाहा. जमीनदाराच्या ‘पहिल्या रात्रीच्या हक्का’ची (कुळाच्या नववधूवर पहिल्या रात्री त्याचा हक्क, ही) कथा रंगवणाऱ्या पुस्तकांत त्या सहसा नसतात. त्या नोंदींत आढळते ती मुलीच्या लग्नासाठी कुळाने जमीनदाराला भरलेली रोख रक्कम.