खुल्या जागेची गव्हर्नरपदाची निवडणूक कशी वाचावी? न्यू जर्सी २०२५ च्या आधाराने एक मार्गदर्शक

जूनमधल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, आधी न्यू जर्सीतल्या मतदारांच्या टपालपेटीत नमुना मतपत्रिका येते. एडिसन, पार्सिप्पनी, प्लेन्सबरो अशा गावांतल्या कितीतरी मराठी घरांत ती दुकानांच्या जाहिरातपत्रकांबरोबर रद्दीत जाते, कारण ‘खरी निवडणूक नोव्हेंबरात’ अशी आपली समजूत असते. गव्हर्नरपदाची जागा खुली असते आणि दोन्ही पक्षांत उमेदवारीसाठी चुरस असते, तेव्हा ही समजूत फार महागात पडते. २०२५ ची न्यू जर्सीची निवडणूक समोर ठेवून अशी लढत पायरीपायरीने कशी समजून घ्यावी, ते येथे मांडले आहे.

पहिली पायरी : पद काय आहे आणि जागा खुली का झाली, ते पाहावे

‘गव्हर्नर’ या शब्दाचे ‘राज्यपाल’ असे भाषांतर केले की भारतीय वाचकाची वाट पहिल्याच पावलाला चुकते. आपला राज्यपाल राष्ट्रपतींकडून नेमला जातो आणि बहुतेक बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो, त्यामुळे त्याची तुलना आपल्या मुख्यमंत्र्याशी करणे अधिक योग्य ठरते. न्यू जर्सीत तर हे पद विशेष बळकट आहे. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, अनेक राज्यांत लोक निवडतात, येथे मात्र त्यांची आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक गव्हर्नर राज्याच्या सिनेटच्या संमतीने करतो, आणि अर्थसंकल्पातली एखादीच तरतूद खोडण्याचा अधिकारही त्याला आहे.

जागा खुली होणे म्हणजे विद्यमान पदाधिकारी रिंगणात नसणे. न्यू जर्सीत सलग दोनच कार्यकाळ करता येतात. २०१७ मध्ये निवडून आलेले आणि २०२१ मध्ये पुन्हा जिंकलेले डेमोक्रॅट फिल मर्फी यांना त्यामुळे २०२५ मध्ये उभे राहता येत नव्हते. विद्यमान गव्हर्नर उभा असला की त्याच्या पक्षातले इच्छुक सहसा थांबतात. तो बाजूला होताच आठ वर्षे वाट पाहणारे सगळे एकदम पुढे येतात. त्यात मर्फी २०२१ मध्ये जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने वाचले होते आणि २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प या राज्यात सहा टक्क्यांच्या आसपासच मागे राहिले होते. म्हणून रिपब्लिकन पक्षालाही हे पद आवाक्यात दिसत होते, आणि चुरस दोन्हीकडे झाली.

दुसरी पायरी : प्रायमरीत मत कोणाला देता येते, ते आधी तपासावे

बातम्या वाचण्याआधी आणि उमेदवारांची तुलना करण्याआधी हे करावे, कारण येथे मुदत चुकली तर पुढचा सगळा अभ्यास वाया जातो. न्यू जर्सीत प्रायमरी पक्षनिहाय असते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यास डेमोक्रॅटिक प्रायमरीत आणि रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्यास रिपब्लिकन प्रायमरीतच मत देता येते. कोणत्याही पक्षाची नोंद नसलेला मतदार मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडून मत देऊ शकतो, पण मग त्याची त्या पक्षात नोंद होते. एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचे असेल, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. २०२५ ची प्रायमरी १० जूनला होती, म्हणजे ही मुदत एप्रिलच्या मध्यावरच संपली होती; त्या वेळी वादसभांना अजून रंगही चढलेला नव्हता. मतदार म्हणून नव्याने नाव नोंदवण्याची मुदत मात्र मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत असते.

आमच्या ओळखीतले एक काका अनेक वर्षांपूर्वी, कोणा मित्राच्या आग्रहावरून, एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊन आले आणि ते विसरूनही गेले. या वेळी दुसऱ्या पक्षातला उमेदवार त्यांना मनापासून पसंत होता. केंद्रावर त्यांचे नाव होते, पण वेगळ्या पक्षापुढे, आणि त्यांना तसेच परतावे लागले. राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर आपली पक्षनोंद पाहायला दोन मिनिटे लागतात. ती मार्चमध्येच पाहून ठेवावी.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसा असलेल्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवू नये. वाहन परवाना काढताना मतदारनोंदणीविषयी विचारले जाते, आणि घाईत ‘हो’ म्हटल्याने पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. देणगीबाबतही असाच फरक आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र संघराज्याचा कायदा ती देऊ देत नाही, आणि ही बंदी राज्यातल्या निवडणुकांनाही लागू आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी उमेदवारासाठी निधी गोळा करत असेल, तर हे आधी लक्षात घ्यावे.

तिसरी पायरी : मतपत्रिका कशी रचली आहे, ते नीट पाहावे

न्यू जर्सीच्या राजकारणाची किल्ली अनेक दशके या कागदाच्या मांडणीत होती. राज्यातल्या २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ‘काउंटी लाइन’ नावाची पद्धत होती. पक्षाच्या स्थानिक संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला, ते सगळे उमेदवार, वरच्या पदापासून स्थानिक पदापर्यंत, एकाच सरळ रांगेत छापले जात. बाकीच्यांची नावे बाजूच्या रकान्यांत, कधी दोन रिकामे चौकोन सोडून पार कडेला जात, आणि त्या कडेला टीकाकार ‘सैबेरिया’ म्हणत. माणसाची नजर भरलेल्या रांगेवर ठरते, म्हणून काउंटीच्या पक्षप्रमुखाचा शब्द मतदारांच्या पसंतीवर भारी पडत असे.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले अँडी किम यांनी या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ती वापरण्यास मनाई केली. पुढे मार्च २०२५ मध्ये मर्फी यांनी नव्या मांडणीच्या कायद्यावर सही केली, आणि एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत एकाखाली एक छापले जाऊ लागले. परिणाम लगेच दिसला. २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत एसेक्स काउंटीत डेमोक्रॅटिक संघटनेचा पाठिंबा खासदार मिकी शेरिल यांना होता, तरी तेथे नेवार्कचे महापौर रास बराका पुढे राहिले. जुन्या मतपत्रिकेवर हे घडणे फार अवघड होते.

म्हणून कोणत्याही प्रायमरीत नमुना मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, बोट ठेवून, नाव आणि घोषवाक्य वाचावे. कोण कोणाबरोबर छापला आहे, हेही पाहावे.

चौथी पायरी : किती उमेदवार आहेत आणि किती मतांत जिंकता येते, याचे गणित मांडावे

न्यू जर्सीत प्रायमरीची दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. मतविभागणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या बहुरंगी लढती पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

डेमोक्रॅटिक बाजूला सहा जण होते : खासदार मिकी शेरिल, खासदार जॉश गॉटहायमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलॉप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्याच्या सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. प्रत्येकाची स्वतःची भूमी होती. बराका यांची नेवार्क आणि आसपास, फुलॉप यांची हडसन काउंटीत, स्वीनी यांची दक्षिणेकडे ग्लॉस्टरच्या बाजूला. बराका यांना ९ मे रोजी नेवार्कमधल्या स्थलांतरितांच्या बंदिगृहाबाहेर अटक झाली आणि तो आरोप पुढे मागे घेण्यात आला. त्या प्रसंगाने ते राज्यभर चर्चेत आले. हे सगळे आपसांत मते वाटून घेत असताना, नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या शेरिल यांना राज्याच्या बहुतेक भागांत थोडीथोडी मते मिळत गेली, आणि ३४ टक्के मतांवर त्यांनी उमेदवारी जिंकली. बराका सुमारे २० टक्क्यांवर दुसरे राहिले.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहावेत. त्या प्रायमरीत सुमारे ८ लाख ४० हजार मते पडली, म्हणजे शेरिल यांना तीन लाखांहून कमी मिळाली. राज्यात नोंदणीकृत मतदार ६५ लाखांवर होते. सहांतून एकाची निवड करण्याचे काम नोंदणीकृत मतदारांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांच्या पसंतीने झाले. मंडळाचा गणेशोत्सव उभा करताना आपण घरोघर फोन करतो. तसे दहा-दहा फोन जूनमध्ये झाले असते, तर आपल्या वस्तीचे वजन उमेदवारांना नक्कीच जाणवले असते, असे मला मनापासून वाटते.

रिपब्लिकन बाजूचे गणित वेगळे होते. पाच उमेदवार होते, पण मे महिन्यात ट्रम्प यांनी जॅक चिटरेली यांना पाठिंबा जाहीर केला आणि चुरस जवळजवळ तेथेच संपली. चिटरेली यांनी सुमारे दोन तृतीयांश मते घेतली. रेडिओवरचे निवेदक बिल स्पेडिया बरेच मागे राहिले, आणि ट्रम्प यांच्यावर टीका करणारे राज्य सिनेटर जॉन ब्रॅमनिक त्यांच्याही मागे. २०२१ मध्ये मर्फींना घाम फोडणारे चिटरेली हेच.

पाचवी पायरी : पैसा कोठून येतो, ते पाहावे

न्यू जर्सीत गव्हर्नरपदाच्या उमेदवारांना सार्वजनिक निधी मिळतो. ठरावीक रक्कम देणग्यांतून उभी केली, तर पुढच्या प्रत्येक डॉलरमागे राज्य दोन डॉलर देते, आणि त्याबदल्यात उमेदवाराला खर्चमर्यादा पाळावी लागते व अधिकृत वादसभांत भाग घ्यावा लागतो. २०२५ मध्ये एका देणगीदाराची कमाल मर्यादा ५,८०० डॉलर होती. हे नियम उमेदवाराच्या स्वतःच्या प्रचारापुरतेच आहेत; बाहेरच्या स्वतंत्र गटांना अशी खर्चमर्यादा नसते. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने कोट्यवधी डॉलर खर्च केले, पण उमेदवार म्हणून त्यांनी स्वतः पुरेशी रक्कम न उभारल्याने ते अधिकृत वादसभांत दिसले नाहीत, आणि त्यांना सुमारे ११ टक्केच मते मिळाली. म्हणून घरी आलेल्या चकचकीत पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘खर्च कोणी केला’ ते लिहिलेले असते, ती ओळ आधी वाचावी.

सहावी पायरी : प्रायमरीनंतर नजर बदलावी

उमेदवार ठरले की ते आपला उपगव्हर्नरपदाचा सहकारी निवडतात, आणि त्या निवडीतून त्यांना कोणाचे मत कमी पडते आहे, ते कळते. शेरिल यांनी धर्मगुरू व शिक्षणतज्ज्ञ डेल काल्डवेल यांना घेतले, तर चिटरेली यांनी मॉरिस काउंटीचे शेरीफ (काउंटीचे निवडून आलेले पोलीसप्रमुख) जिम गॅनन यांना. भाषणांचा सूरही बदलतो. जूनपर्यंत पक्षातल्या निष्ठावंतांशी चाललेला संवाद पुढे विजेच्या बिलावर आणि मालमत्ता करावर येतो. २०२५ च्या उन्हाळ्यात राज्यातली वीजबिले सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती, आणि शेरिल यांनी दर गोठवण्याचे आश्वासन हा प्रचाराचा कणा केला.

या टप्प्यावर जनमत चाचण्यांकडे जपून पाहावे. अनेक चाचण्यांत लढत अटीतटीची दिसत होती. ४ नोव्हेंबरला सुमारे ३३ लाख लोकांनी मत दिले आणि शेरिल १३ टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकल्या. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेलेली पॅसेक काउंटीही त्यांच्याकडे आली. एकाच पक्षाला सलग तिसऱ्यांदा गव्हर्नरपद मिळण्याची या राज्यातली १९६१ नंतरची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या राज्यात हीच रीत वापरताना

२०२६ मध्ये ३६ राज्यांत गव्हर्नरपदाची निवडणूक आहे, आणि जॉर्जिया, मिशिगन, कॅलिफोर्निया येथे कार्यकाळाच्या मर्यादेमुळे जागा खुली आहे. अटलांटा, डेट्रॉइट किंवा बे एरियातल्या नातेवाइकांशी याविषयी बोलताना न्यू जर्सीचे गणित जसेच्या तसे लावू नये. जॉर्जियात कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. त्यामुळे तेथे ३४ टक्के म्हणजे विजय नसतो, फक्त पुढच्या फेरीचे दार उघडते. कॅलिफोर्नियात सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघे, ते एकाच पक्षाचे असले तरी, नोव्हेंबरात समोरासमोर येतात. मेनमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिता येतो. आपल्या राज्याच्या निवडणूक विभागाचे पान उघडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : पक्ष बदलण्याची शेवटची तारीख, जिंकायला लागणारा मतांचा वाटा आणि दुसरी फेरी आहे की नाही. तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावा.