पहिली पीसीपी घेताना पंप धरून हिशोब करा

बेळगावात पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल घ्यायला निघालं की जो तो बंदुकीचीच किंमत विचारतो. माझं म्हणणं, आधी पंपाचे पैसे बाजूला काढा. बंदुकीच्या सिलिंडरला साधारण 200 बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा लागते. त्याला तीन टप्प्यांचा हातपंप हवा. आपल्याकडच्या पावसात, खानापूरकडे तर विशेष, हवेतली ओल थेट सिलिंडरात जाते नि आतून गंज धरतो. म्हणून पंपाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांची नळी असलीच पाहिजे. दाण्यांचा रंग पालटला की दाणे बदला.

जुनी बंदूक मिळत असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेली फुकटसुद्धा नको. हवा भरल्यावर ती निवते तसा दाबाचा काटा थोडा उतरतोच, म्हणून तासाभराने आकडा लिहा नि दुसऱ्या दिवशी बघा. आणखी उतरला तर कुठेतरी गळतंय, बहुतेक ओ-रिंग, म्हणजे सांध्यातलं रबरी कडं.

कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 4.5 मिमी, सुटणाऱ्या छर्‍याची ताकद 20 ज्यूलच्या आत. मग परवाना लागत नाही. पावती मात्र जपा.

बंदुकीवरची दुर्बीण राहू दे. त्या पैशात चपट्या तोंडाच्या छर्‍यांचे दोन-तीन वेगळे डबे आणा, 10 मीटरवरून प्रत्येकातले पाच-पाच कागदावर मारा. ज्याची भोकं एकमेकांत मिसळतील, तोच डबा पुढे घेत जा.