बारावीचं वर्ष: आधी आठवडा मोजा

माझी भाची फलटणहून अकरावीला आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली आणि बारावी करूनच परत गेली. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या घरी सायन्सचं पोर आलं की मला फोन येतो. प्रश्न बहुतेक एकच असतो: "अगं, सारखी दमलेली असते, तासन्‌तास टेबलाशी बसते, पण डोक्यात काही शिरत नाही. काय करू?" बदाम, शंखपुष्पी, ध्यान, मोटिवेशनचे व्हिडिओ सुचवायला नातेवाईक बसलेलेच असतात. मी म्हणते, पोरीच्या दिवसात आणखी काही घालण्याआधी कागद-पेन घ्या आणि तिचा आठवडा मोजा.

आठवड्याचे तास 168. या वयाला झोप आठ ते दहा तास लागते. नऊ धरली तर 63 गेले. अंघोळ, जेवण, आवराआवर, केस विंचरणं यांचे रोजचे तीन, म्हणजे 21. कॉलेज आणि क्लास मिळून रोज सात, सहा दिवसांचे 42. कर्वेनगर ते डेक्कन जाण्या-येण्याचा रोज दीड तास, म्हणजे 9. रविवारची टेस्ट आणि तिची उजळणी 4. उरले 29. क्लासची अपेक्षा काय, तर रोज सहा तास सेल्फ स्टडी, म्हणजे 42. हे 13 तास कुठून येणार? झोपेतून, रोज जवळजवळ दोन. आणि या हिशेबात मैत्रीण नाही, आजारपण नाही, गणपती नाही, नुसतं गॅलरीत उभं राहणंही नाही. हा कागद भाचीसमोर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये ना?" तोवर तिची तशी खात्री झाली होती.

मग काय काढायचं? आमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट निघाली ती जेईई ॲडव्हान्स्ड, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई परीक्षेचा दुसरा, अवघड टप्पा. पहिला टप्पा मेन. तिची बॅच मेन अधिक ॲडव्हान्स्ड अशी होती. डीपीपीतली, म्हणजे क्लासने रोज दिलेल्या सरावाच्या कागदातली, शेवटची, सगळ्यात वेळखाऊ गणितं ॲडव्हान्स्डच्या पातळीची. रात्री साडेबारापर्यंत ती त्यांतच अडकायची आणि बोर्डाची केमिस्ट्री तशीच राहायची. तिला विचारलं, नक्की कुठे जायचंय? "पुण्यातच. सीओईपी मिळालं तर सोन्याहून पिवळं. आयआयटी म्हणून मी कधी म्हटलं, मावशी?" सीओईपी म्हणजे पुण्यातलं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. खरंच, तिने कधीच म्हटलं नव्हतं. ॲडव्हान्स्डला बसायला मिळतं मेनमधल्या वरच्या अडीच लाखांना आणि त्याचा उपयोग आयआयटीसाठी. सीओईपीसारख्या कॉलेजांतल्या बहुतेक जागा भरतात राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, एमएचटी-सीईटीवर.

इथे नवख्या पालकांनी परीक्षांचा स्वभाव समजून घ्यावा. तिच्या वेळी मेनला तीन तासांत 75 प्रश्न होते, चुकलं की एक मार्क वजा. सीईटीला तेवढ्याच वेळात 150: गणिताच्या 50 प्रश्नांना दीड तास, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 100 प्रश्नांना दीड तास. उणे मार्क नाहीत. अभ्यासक्रम राज्य बोर्डाचा, त्यात अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, बाकी बारावी. म्हणजे बोर्डाचं पुस्तक नीट केलं की सीईटीचा पायाही भरला जातो. पण फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, तिथे पेंगुळलेलं डोकं चालत नाही. येणारं उत्तरही उशिरा सुचतं.

भाऊजींना हे पटायला वेळ लागला. "पूर्ण बॅचची फी भरलीये." भरली, खरंय. पण पोरीने ती गणितं रात्रभर सोडवली म्हणून फी परत मिळणार होती थोडीच! शेवटी ठरलं की मेन द्यायची, ॲडव्हान्स्डची गणितं वेळ उरला तर. तुमच्या पोराला आयआयटीचीच ओढ असेल तर उलट करा, सीईटीचा वेगळा क्लास बंद करा. सगळ्या परीक्षांची सगळी तयारी एका पोराच्या गळ्यात घालू नका, एवढंच.

क्लासशीही बोलावं लागतं, आणि ते मोठ्यांनीच बोलावं, पोराला पुढे करू नये. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, असं त्यांत स्पष्ट आहे. मी प्रिंट घेऊनच गेले. सरांनी प्रिंट बाजूला सरकवली, पण दर दुसऱ्या रविवारची टेस्ट तिला ऐच्छिक करून दिली. न भांडता एवढं पदरात पडलं. विसर्जनाची मिरवणूक पाहायला ती मैत्रिणींबरोबर गेली आणि दुसऱ्या दिवशीची टेस्ट बुडवली, त्यानेही काही बिघडलं नाही.

प्रवासाच्या वेळात नळ स्टॉपहून मेट्रो धरून थोडी बचत झाली. बसच्या बेभरवशापेक्षा तिला तेच बरं वाटलं.

आता झोप. आमचे अण्णा पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचे खंदे पुरस्कर्ते. पण किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं मेलाटोनिन उशिरा पाझरतं. साडेदहाला आडवं होऊनही पोर अकरापर्यंत जागंच असतं. त्याला चारला उठवणं म्हणजे झोपेची चोरी, ब्राह्ममुहूर्त असला तरी. वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, हे अण्णांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं लागलं. आमचा नियम साधा होता: अकराला दिवा बंद, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, गजराला जुनं घड्याळ. संध्याकाळी पाचनंतर कॉफी नाही, तिचा अंमल बराच वेळ टिकतो. क्लास नसेल त्या दुपारी वीस मिनिटं डुलकी. एक ते चारवरून पुणेकरांना कितीही हसा, त्यात तथ्य आहे! रोज टेकडीवर न्यायचाही बेत होता. तो बारगळला, तिला त्या वेळी झोपायचं होतं आणि मी आग्रह धरला नाही.

दमणूक नुसती वेळापत्रकाची आहे असं धरून बसू नका. एकदा रक्त तपासा. आमच्या भाचीबाईंचं हिमोग्लोबिन बारापेक्षा बरंच खाली निघालं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या आणि त्या चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. शाकाहारी घर असेल तर बी-12 ही बघून घ्या.

अप्पा बळवंत चौकाबद्दलही सांगायला हवं. पोराचं मन खट्टू झालं की तिथून नवं गाईड आणायची आपली रीत. पिशवी घरी आली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि टेबलावरचा ढीग मात्र वाढतो. जुनं संपल्याशिवाय नवं नाही, असं आम्ही ठरवलं. त्याऐवजी धडा वाचून पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण उरलेल्या 29 तासांत दुसऱ्या कशाचाच इतका उपयोग झाला नाही.

एका गोष्टीत मात्र हिशेब करत बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त पोर गप्प असेल, जेवण सुटलं असेल, आवडीचंही काही नको वाटत असेल, "मी नसलेलीच बरी" असं काही निघालं असेल, तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग तिला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बोर्डाची परीक्षा जून-जुलैत पुन्हा देता येते, पुढच्या वर्षीही देता येते.

शेवटचे महिने असे आले: जानेवारीत मेन, मग बोर्डाची प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी, त्यानंतर सीईटी. लेखी संपल्यावर तिला दोन दिवस झोपू दिलं, ताईचा फोनही मीच घेतला. मग सरावाचे पेपर, खऱ्या परीक्षेसारखे सलग तीन तास, मध्ये न उठता. हॉल तिकिटावर दुपारची शिफ्ट आली, तेव्हा नेमकी डुलकीची वेळ आडवी आली. शेवटचा आठवडा तिने पेपर दुपारीच सोडवले आणि डुलकी सकाळी अकराला नेली.